टेकड्यांचं आरक्षण

१९९७ साली पुण्याच्या हद्दीत आलेल्या गावांपैकी २३ गावं पुढं महापालिकेत राहिली, आणि बाणेर, वारजे, बावधनच्या टेकड्या शहराच्या झाल्या. या २३ गावांतल्या टेकड्यांवरच्या सुमारे ९७८ हेक्टर जमिनीवर 'जैववैविध्य उद्यान' म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. या उतारांवर पाऊस मुरतो आणि पायथ्याच्या विहिरी, बोअर, ओढे त्यावर टिकतात. उतारावर काँक्रीट पडलं की तेच पाणी धावत खालच्या सोसायट्यांत शिरतं.

मात्र आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. यातली पुष्कळ जमीन खासगी आहे. ती महापालिकेला दिली तर मोबदला क्षेत्राच्या ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. मैदानाच्या किंवा रस्त्याच्या आरक्षणाला याच्या कितीतरी पट मिळतो. मग जागा ताब्यात येत नाही, गुंठ्यागुंठ्यानं विकली जाते आणि रातोरात पत्रे उभे राहतात. मोबदला वाढवावा, हे माझं स्पष्ट मत. पण टेकडीवर बांधकामाची सूट हा मोबदला होऊच शकत नाही. २०१७ आणि २०२१ मध्ये आणखी ३४ गावं हद्दीत आली. तिथल्या टेकड्यांची आखणी आणि ताबा, दोन्ही इमारतींच्या आधी व्हायला हवेत.