नागिणीचं औषध आणि पहिले तीन दिवस

कमरेच्या किंवा छातीच्या एकाच बाजूला आग होऊ लागते, दोन-तीन दिवसांत तिथे पाणीदार फोडांचा पट्टा उठतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘नागीण झालीय.’ मग गेरूचा लेप लागतो, नागीण उतरवणाऱ्याचा शोध सुरू होतो. तोंड शेपटीला टेकलं की माणूस दगावतो, या भीतीनं सगळं घर हवालदिल होतं.

तो विळखा सहसा पुरा होतच नाही. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूलगतच्या चेतापेशींच्या गाठींत वर्षानुवर्षं दडून राहतो. उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती घटली की तो एखाद्या नसेच्या वाटेनं त्वचेवर येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूला पसरलेली असते, म्हणून फोडही मध्यरेषेपाशी थांबतात. खरी हानी होते ती लेप आणि उतारे यांत वाया गेलेल्या दिवसांमुळे.

कारण या रोगावर नेमकं औषध आहे, असायक्लोव्हिर. अमेरिकेतल्या बरोज वेलकम कंपनीत हॉवर्ड शेफर यांनी 1970च्या दशकात हा रेणू घडवला. तो काम कसं करतो, याचा छडा गर्ट्रूड एलियन यांच्या गटानं लावला. पीएचडी पुरी करता न आलेल्या एलियन 1988 च्या नोबेलच्या मानकरी ठरल्या.

डीएनएच्या एका घटकाशी मिळताजुळता असलेला हा रेणू गोळीतून शरीरात जातो तेव्हा निष्क्रिय असतो. त्यावर तीन फॉस्फेट चढले तरच तो कामाला लागतो. पहिला फॉस्फेट चढवतं थायमिडिन कायनेज हे विकर, आणि तेही विषाणूनं स्वतःसाठी बनवलेलं. आपल्या विकरांना ते काम फारसं जमत नाही. पुढचे दोन मात्र आपलीच पेशी चढवते. म्हणून औषध जागं होतं ते प्रामुख्यानं बाधित पेशीत, आणि निरोगी पेशी बचावतात. मग विषाणू आपल्या डीएनएची नक्कल काढू लागला की हा तोतया साखळीत शिरतो. पुढचा घटक जोडायला लागणारा हायड्रॉक्सिल गट त्याच्याकडे नसतो. मागे आकडाच नसलेल्या रेल्वेच्या डब्यासारखा. साखळी तिथेच खुंटते. औषधशास्त्रात इतकी देखणी युक्ती क्वचितच सापडते.

पण नक्कल चालू असेपर्यंतच ती चालते. गाठीत निजलेल्या विषाणूला औषध शिवत नाही, म्हणून याच औषधानं ओठांवरचा हर्पिसचा फोड आज बरा झाला तरी पुन्हा उठू शकतो. नागिणीतही गोळ्या शक्यतो पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात.

असायक्लोव्हिर पोटातून जेमतेम 15 ते 20 टक्केच रक्तात पोचतं आणि सुमारे तीन तासांत त्यातलं निम्मं निघून जातं. त्यामुळे प्रौढांना 800 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाचदा, सहसा सात दिवस घ्यावी लागते. व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडलेलं व्हॅलासायक्लोव्हिर निम्म्याहून अधिक रक्तात उतरतं, म्हणून ते तीनदा पुरतं. दोन्ही लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी करावी लागते, आणि पाणी भरपूर प्यावं लागतं. नुसतं मलम चोळून नागीण आवरत नाही.

फोड दिसले की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही लगेच दाखवा. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.