रेरा नंबर, इंडेक्स टू, ओसी: घर घेण्याआधी मोबाइलवर काय काय तपासता येतं?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरमध्ये घर बघायला सुरुवात केली की पहिल्या आठवड्यातच आपला शब्दसंग्रह वाढतो. रेरा, सीसी, ओसी, इंडेक्स टू, कन्व्हेयन्स... एजंट म्हणतो "सगळं क्लिअर आहे", बँक म्हणते "प्रोजेक्ट अप्रूव्ह्ड आहे", आणि आपण टोकनचा चेक लिहायला घेतो. यातल्या बऱ्याच गोष्टी आज घरबसल्या तपासता येतात. फक्त एक लक्षात ठेवा: प्रत्येक सरकारी वेबसाइट एकाच प्रश्नाचं उत्तर देते. एका ठिकाणी हिरवा टिक दिसला म्हणजे बाकीच्या ठिकाणीही सगळं ठीक आहे, असं होत नाही. नेहमी विचारले जाणारे प्रश्न एकेक करून पाहू.

१. रेरा नंबर आहे, मग बिनधास्त पैसे भरायचे का?

नाही. मुंबईहून फार लांब नसलेल्या कल्याण-डोंबिवलीचं प्रकरण आठवा. तिथे महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून ६५ इमारतींसाठी रेरा नोंदणी मिळवली गेली. नोंदणी खरी होती, पण तिच्यामागचा कागद खोटा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि कर्ज काढून तिथे राहायला गेलेली कुटुंबं अडकली.

म्हणून नंबर बघून थांबू नका, पान उघडा. मुंबई उपनगरातल्या बऱ्याच प्रकल्पांचा नंबर इंग्रजी 'पी' आणि पुढे ५१८ असा सुरू होतो. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणंही बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं. तिथे ताबा द्यायची तारीख, कोर्टकेसेस, जमिनीवरचा बोजा आणि कमेन्समेंट सर्टिफिकेट म्हणजे सीसी पाहा. मुंबईत सीसी टप्प्याटप्प्याने मिळते. ती फक्त प्लिंथपर्यंत असेल आणि तुम्ही १८वा मजला बुक करत असाल, तर बिल्डरला त्याबद्दल थेट विचारा. सीसीची प्रत महापालिकेच्या ऑटोडीसीआर पोर्टलवरच्या कागदाशीही जुळवून बघा.

२. टोकन किती द्यायचं?

रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत अ‍ॅग्रीमेंट होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. एक कोटीचं घर असेल तर १० लाख ही वरची मर्यादा झाली. "आज २० टक्के भरलेत तर हा रेट" अशी ऑफर आली, तर हे कलम दाखवा.

३. रजिस्ट्रेशन झालं म्हणजे घर माझ्या नावावर झालं ना?

सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. दुय्यम निबंधक कार्यालय दस्त नोंदवतं, मालकीची हमी देत नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ती एक लॉग फाइल आहे. अमुक दिवशी अमुक दोघांनी असा करार केला, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता का, ते तपासणं खरेदीदाराची जबाबदारी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात हाच मुद्दा मांडला आणि नोंदणीसाठी ब्लॉकचेन वापरता येईल का, याचा अभ्यास करायला विधी आयोगाला सांगितलं. ते होईल तेव्हा होईल, तोवर हा लॉग आपणच वाचायचा.

त्यासाठी नोंदणी विभागाच्या, म्हणजे आयजीआर महाराष्ट्रच्या वेबसाइटवर 'ई-सर्च' आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि सीटीएस नंबर टाकला की इंडेक्स टू दिसतो. त्यात कोणी कोणाला, केव्हा आणि कितीला विकलं ते असतं. गहाणाची नोटीस नोंदवलेली असेल तर तीही सापडते. लोक अडकतात ते गावाच्या नावापाशी. सरकारी रेकॉर्डमधलं गाव आणि रेल्वे स्टेशन एकच असेल असं नाही. बोरिवली पश्चिमेचा काही भाग 'एक्सर'मध्ये येतो, घाटकोपरचा काही 'किरोळ'मध्ये, तर अंधेरी पश्चिमेचा काही 'आंबिवली'मध्ये. मुलुंड आणि घाटकोपरचा तालुका कुर्ला आहे. तेव्हा गावाचं नाव आणि सीटीएस नंबर जुन्या अ‍ॅग्रीमेंटमधून उतरवून घ्या. एकच वर्ष पाहून थांबू नका. वकील साधारण ३० वर्षांचा सर्च घेतात.

४. रीसेल फ्लॅट आहे, सोसायटीही जुनी आहे. आणखी काय बघू?

महाभूलेखवर प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मिळकत पत्रिका पाहा. जमीन सोसायटीच्या नावावर आहे की अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या? कन्व्हेयन्स झालं नसेल तर घर घेऊच नये असं नाही. पण रीडेव्हलपमेंटच्या वेळी हाच मुद्दा आडवा येतो. अशा सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी अर्ज करता येतो. तो केलाय का, हे सेक्रेटरींना विचारा. आणि हो, सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे. 'डोनेशन' म्हणून त्यावर पैसे मागितले तर ते नियमात बसत नाही.

५. लोक राहतायत, मग ओसी कशाला?

लोक राहतायत हा काही पुरावा नाही. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि राहण्यायोग्य आहे, हे महापालिका ओसीमधून सांगते. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये लोक वर्षानुवर्षं राहत होते. तरी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे बेकायदा मजले पाडण्याच्या बाजूने निकाल दिला. ओसी 'पार्ट' आहे की पूर्ण, आणि तुमचा मजला त्यात आहे का, ते नीट वाचा.

६. पार्किंगचे वेगळे पैसे द्यायचे का?

या वादाचा गाजलेला निकाल आपल्या उपनगरातलाच आहे. दहिसर पूर्वेच्या पांचाली सोसायटीत ५६ फ्लॅट होते आणि स्टिल्टमध्ये २५ गाड्यांची जागा. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही जागा सामाईक आहे, बिल्डर ती वेगळी विकू शकत नाही. आता रेराखाली बंदिस्त गॅरेज विकता येतं, उघडं पार्किंग नाही. पार्किंगचे पैसे देणार असाल तर ते कुठलं आणि कितव्या नंबरचं, हे अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या.

७. किमतीवर आणखी किती खर्च धरू?

मुंबईत मेट्रो सेससह स्टॅम्प ड्युटी ६ टक्के आहे. घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर ५ टक्के. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. ड्युटी करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरणं खरेदीदाराचं काम आहे. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर नियम वेगळे आणि कपात बरीच जास्त. तेव्हा आधी सीएला विचारा.

थोडक्यात, टोकनच्या आधी महारेराचं पान, इंडेक्स टू, प्रॉपर्टी कार्ड आणि सीसी किंवा ओसी, हे चार कागद डाउनलोड करा. चारही कागदांवर सीटीएस नंबर, मालकाचं नाव आणि मजले जुळतात का ते बघा. एखादी गोष्ट जुळली नाही, तर तोच कागद घेऊन वकिलाकडे जा. तो वकील मात्र स्वतःचा असू द्या, बिल्डरने सुचवलेला नको.