हालारचे शेतकरी, केनियाचे दुकानदार

नैरोबी किंवा मोंबासा येथील बाजारपेठेत दुकानांच्या व पेढ्यांच्या पाट्यांवर ‘शाह’ हे आडनाव वारंवार आढळते. त्यांतील पुष्कळ कुटुंबे मूळची हालारची, म्हणजे जामनगरच्या आसपासच्या प्रदेशातील वीसा ओसवाल जैन आहेत. व्यापार-उद्योगात ती इतकी स्थिरावली आहेत की व्यापार हा त्यांचा पिढीजात व्यवसाय असावा, असा कोणाचाही समज व्हावा. परंतु हालारच्या बावन्न गावांत विखुरलेले त्यांचे पूर्वज मुख्यतः शेतकरी होते. बैलजोडी, विहीर आणि पाऊस यांवर त्यांचा संसार चाले. दुकानदारीकडे ते वळले समुद्रापलीकडे गेल्यावर, आणि त्यात तेथील परक्या राज्यकर्त्यांच्या कायद्याचा मोठा हात होता.

दुष्काळ आणि लोहमार्ग

विक्रम संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९०० मधील ‘छप्पनिया’ दुष्काळाची आठवण काठियावाडात पिढ्यान् पिढ्या टिकून राहिली. पावसाने पाठ फिरवली, गुरे मेली, कोठारे रिती झाली. त्याच काळात पूर्व आफ्रिकेत इंग्रज सरकार मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधीत होते. १८९६ मध्ये आरंभलेले हे काम १९०१ मध्ये सरोवराच्या काठी पोहोचले. त्यासाठी हिंदुस्थानातून, विशेषतः पंजाबातून, सुमारे ३२ हजार करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मृत्युमुखी पडले. बहुतेक जण करार संपताच मायदेशी परतले आणि सुमारे ६,७०० मागे राहिले.

ओसवाल तरुणांची वाट निराळी होती. मजुरीच्या करारावर अंगठा न उठवता, नातलगांच्या आधाराने आणि उसनवारीने ते निघाले. १८९९ च्या सुमारास त्यांतील पहिले काही जण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरले. ईशान्येचे वारे सुटले की वहाणाने पलीकडचा किनारा गाठायचा आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की परतायचे, हा मार्ग कच्छ-काठियावाडच्या नाखव्यांना शतकानुशतके परिचित होता. पुढे मुंबई बंदरातून मोंबासाला आगबोटी जाऊ लागल्या. उतरणाऱ्याला त्या अनोळखी मुलुखात एक वस्तू मात्र ओळखीची भेटे. १९२० पर्यंत तेथे हिंदुस्थानचाच रुपया चालत असे.

जमिनीचे दार बंद

शेतकऱ्याचे मन जमिनीकडेच ओढ घेते. केनियाच्या मध्यभागी उंचावरची, थंड हवेची आणि सुपीक अशी विस्तीर्ण जमीन होती. ती गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी राखून ठेवण्याचे धोरण सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात स्वीकारले. १९१५ च्या कायद्याने गोऱ्यांना ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची सोय करून दिली आणि एका वंशाच्या माणसाकडून दुसऱ्या वंशाच्या माणसाकडे जमीन जाऊ लागल्यास ती रोखण्याचा अधिकार गव्हर्नरला दिला. १९२० मध्ये हा प्रदेश रीतसर वसाहत बनला. हिंदी लोकांनी समान हक्कांसाठी चळवळ केली. परंतु १९२३ च्या डेव्हनशायर श्वेतपत्रिकेने उंच प्रदेशावरील गोऱ्यांची मक्तेदारी कायम ठेवली.

या व्यवस्थेत सर्वांत मोठी हानी झाली ती मूळ रहिवाशांची. किकुयू, मसाई आदी समाजांची भूमी गेली, त्यांना राखीव क्षेत्रांत कोंबण्यात आले, आणि एके काळी स्वतःच्या असलेल्या रानात अनेकांना मजुरी करावी लागली.

हालारच्या तरुणांपुढे मग दुकानाचा मार्ग उरला. प्रथम एखाद्या नातलगाच्या दुकानात गुमास्तेगिरी करायची, हिशेब व स्वाहिली भाषा शिकायची, मग मोंबासा-नैरोबीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल घेऊन आडगावी स्वतःचे दुकान थाटायचे, असा क्रम ठरून गेला. पत्र्याच्या छपराखालच्या त्या दुकानात मीठ, साखर, कापड, दिव्याचे तेल आणि कुदळी मिळत. रात्री तेथेच अंथरूण पडे. स्वाहिलीत ‘दुका’ हा शब्द आपल्या ‘दुकान’ शब्दापासून रूढ झाला. स्थिरस्थावर झालेला माणूस गावी जाऊन लग्न करी, पत्नीला घेऊन येई आणि धाकट्या भावाला बोलावून घेई. स्त्रिया आल्या तेव्हा घरे उभी राहिली, आणि परमुलखातही सूर्यास्तापूर्वीचे भोजन व पर्युषणातील उपवास यांची शिस्त टिकली.

मधला मजला

वसाहतीचा समाज तीन मजल्यांचा होता: वर गोरे, मध्ये हिंदी, खाली आफ्रिकी. शाळा, रुग्णालये आणि वस्त्यादेखील वेगवेगळ्या होत्या. मधल्या मजल्यावरच्या माणसाला वरून अपमान सोसावा लागे. खालच्या माणसाला मात्र रोज समोर दिसे तो दुकानदारच. भाव वाढला की राग त्याच्यावर निघे. पुष्कळ दुकानदार कष्टाळू आणि सचोटीचे होते. तरीही गिऱ्हाइकाशी व्यवहारापलीकडे नाते जोडण्यात समाज कमी पडला, हे नाकारता येत नाही.

१९६२ च्या जनगणनेनुसार केनियात आशियाई वंशाचे सुमारे १ लाख ७६ हजार लोक होते. १२ डिसेंबर १९६३ रोजी देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी मोंबासात जैनांचे शिखरबंद देरासर उभे राहिले. दगडी शिखर उभारणारा समाज मनाने तेथे राहणारच होता. कागदावर मात्र त्याचे मन द्विधा होते. नागरिकत्वाच्या नोंदणीसाठी दोन वर्षांची मुदत होती. एकाच घरात कोणी केनियाचे नागरिकत्व घेतले, कोणी ब्रिटिश पासपोर्ट जवळ ठेवला. १९६७ च्या कायद्यांनी नागरिक नसलेल्यांच्या कामधंद्यावर व व्यापारावर निर्बंध आणले. हजारो कुटुंबे इंग्लंडकडे धावली, तेव्हा १ मार्च १९६८ पासून ब्रिटनने आपलेच पासपोर्ट बाळगणाऱ्या या लोकांचा मुक्त प्रवेश बंद केला. साम्राज्याने दिलेल्या कागदाचे मोल असे एका दिवसात उतरले.

तरीही घडी पुन्हा बसली. लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे ओसवाल समाजाचे देरासर २००५ मध्ये पूर्ण झाले. केनियात राहिलेल्यांनी कारखाने काढले, शाळा चालविल्या. नैरोबीतील ओसवालांच्या शाळेत आज इतर समाजांची मुलेही शिकतात. २०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातील ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली.

पहिला तरुण किनाऱ्यावर उतरल्यापासून ही मान्यता मिळेपर्यंत शंभराहून अधिक वर्षे लोटली. रोजमेळ त्या त्या दिवशी लिहून पुरा करता येतो. पण ज्या भूमीने थारा दिला तिचे देणे एका पिढीत फिटत नाही. अपरिग्रहाचे व्रत संपत्तीला जशी मर्यादा घालते, तसेच ते मिळालेल्यातला वाटा परत करण्याचे भानही देते. हालारच्या शेतकऱ्यांना हे मुळात ठाऊक होते. जमिनीतून जेवढे घ्यायचे, तेवढे खत तिला परत द्यावे लागते, हा त्यांच्या शेतीचा पहिला नियम होता.