घाटाचा राजा आणि त्याचे सोबती

जुन्नर-आंबेगावच्या यात्रांत सर्वांत कमी सेकंदांत घाट चढणारा बैलगाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो आणि लोकांच्या तोंडी बहुधा एकाच बैलाचे नाव राहते. हा न्याय अपुरा आहे. गाड्याला बैल चार असतात, पुढे घोडी धावते. पुढली जोडी कितीही चपळ असो, मागली रेंगाळली की सेकंद वाढतात. जुंपणाऱ्यांचा हात चुकला की बारी वाया जाते. अशा सामूहिक उत्पादनात एकेकाचा वाटा वेगळा काढणे कठीण, असे अर्थशास्त्र सांगते. तोच बैल निरनिराळ्या जोडीदारांबरोबर कसा पळतो, हीच त्याच्या कर्तृत्वाची खरी कसोटी होय.

शिवाय गुणाला संधीही हवी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. मधल्या वर्षांत वेगवान बैलांच्या वेगालाही मोल उरले नव्हते.

राजाचा गौरव जरूर व्हावा. परंतु वर्षभर वैरणपाणी पाहणाऱ्या गड्याला त्या बक्षिसात वाटा नसेल, तर तो गौरव अर्धाच म्हणावा लागेल.