पुण्याच्या आकाशातील गंधक

एप्रिल महिन्यात ऊन चढू लागल्यावर पर्वतीच्या माथ्यावरून शहराकडे पाहिले असता घरांच्या छपरांवर आणि दूरच्या सिंहगडाच्या रेषेवर जे धूसर पटल पसरलेले दिसते, त्याला आपण सरसकट धूळ म्हणतो आणि त्याचा दोष उखडलेल्या रस्त्यांवर, बांधकामांवर व वाहनांच्या वर्दळीवर ठेवून मोकळे होतो. हा दोषारोप निराधार नाही. परंतु अपुरा मात्र आहे. कारण त्या पटलातील कणांपैकी पुष्कळ कण जमिनीवरून कधी उडालेच नव्हते, धुराड्यातून कणरूपाने बाहेरही पडले नव्हते. ते आपल्या डोक्यावरच्या हवेत, नितळ दिसणाऱ्या वायूंच्या संयोगातून, भर उन्हात जन्माला आले. वायूत तरंगणाऱ्या अशा सूक्ष्म घन वा द्रव कणांना शास्त्रज्ञ एरोसोल म्हणतात आणि त्यांच्या जन्मकथेत सर्वांत महत्त्वाचे पात्र गंधक हे आहे.

दगडी कोळसा, डिझेल, कारखान्यांतील भट्ट्यांचे जड तेल, किंबहुना दिवाळीत उडणारी शोभेची दारू, या सर्वांत गंधक असतो आणि जळताना त्याचा सल्फर डायऑक्साइड हा वायू होतो. हा वायू हवेत तसाच पडून राहत नाही. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे ओझोन आणि बाष्प यांच्यापासून हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत क्रियाशील मूलक तयार होतो. त्याचे आयुष्य जेमतेम एक सेकंद किंवा त्याहूनही कमी, परंतु तेवढ्या अवधीत तो सल्फर डायऑक्साइडला गाठतो, प्राणवायू पुढची पायरी पार पाडतो, शेवटी पाण्याचा रेणू येऊन मिळतो आणि गंधकाम्ल तयार होते. प्रयोगशाळेच्या बाटलीत ज्याला आपण वचकून असतो तेच हे अम्ल. मात्र हवेतील त्याचे प्रमाण इतके अल्प की, एका घनसेंटिमीटर हवेत जेथे एकंदर रेणूंची संख्या 25 वर 18 शून्ये इतकी असते, तेथे दिवसा गंधकाम्लाचे रेणू साधारणपणे दहा लाख ते एक कोटी एवढेच आढळतात. इतक्या क्षुद्र प्रमाणातील पदार्थाने आकाशाचा रंग बदलावा, ही निसर्गातील विलक्षण गोष्ट आहे.

हे सामर्थ्य त्याला कोठून येते? गंधकाम्लाला वायुरूपात राहणे मानवत नाही. दुसरा रेणू भेटताच त्याला चिकटण्याची त्याची प्रवृत्ती असते. दोन, चार, सहा रेणू एकत्र येऊन पुंजका बनतो आणि तो सुमारे दीड ते दोन नॅनोमीटरचा होईपर्यंत टिकला, तर पुढे वाढतच जातो. त्यापूर्वी मात्र तो विखरून जाण्याचीच शक्यता अधिक. गंधकाम्ल आणि पाणी एवढे दोनच घटक या कामास पुरेसे असावेत, अशी समजूत पुष्कळ काळ होती. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत एका अतिस्वच्छ पोलादी टाकीत ‘क्लाउड’ नावाचा प्रयोग चालतो. त्याचे 2011 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, किंचितसा अमोनिया मिसळताच कणांच्या जन्माचा वेग शंभर ते हजार पटींनी वाढतो, आणि तरीही जमिनीलगतच्या हवेत प्रत्यक्ष दिसणारी कणसंख्या एवढ्याने भरून निघत नाही. 2013 साली त्याच प्रयोगाने अमाइन या अमोनियाच्या आप्तवर्गाचा वाटा दाखवून दिला. गोठे, खते आणि सांडपाणी यांतून अमोनिया निघतो, हे लक्षात घेतले म्हणजे मुळा-मुठेच्या काठच्या या शहरात तो कोठून येत असेल हे निराळे सांगावयास नको.

येथे पुण्याच्या हवेचे एक वैशिष्ट्य आडवे येते आणि माझ्या मते या विषयाचा सर्वांत उद्बोधक भाग तोच आहे. हवेत आधीच मोठे कण दाटीने असले की, नवजात पुंजके वाढण्यापूर्वीच त्यांना जाऊन चिकटतात आणि गंधकाम्लाची वाफही त्यांच्याच पृष्ठभागावर बसते. अर्थात अधिक मळलेल्या हवेत नवे कण जन्मणे कठीण आणि पावसाने धुतलेल्या, लख्ख उन्हाच्या हवेत ते तुलनेने सुकर, असा प्रकार संभवतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुणे आणि कानपूर या दोन शहरांतील अशा नवकणनिर्मितीची निरीक्षणे शेजारी शेजारी मांडून पाहिली गेली. या मोठ्या कणांत धूळही आली आणि आपल्याकडच्या धुळीत कॅल्शियमयुक्त क्षार असतात. गंधकाम्ल त्यांच्याशी संयोग पावून जिप्सम बनते आणि अम्लाचा दाह तेथेच शमतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील एल. टी. खेमाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्जन्यजलाच्या रसायनशास्त्राचा जो दीर्घ व्यासंग केला, त्यातून युरोप-अमेरिकेतील अम्लवर्षेचे संकट आपल्या बहुतेक शहरांवर त्या तीव्रतेने का कोसळले नाही, याचा उलगडा झाला. आपल्या मातीने आपले एवढे रक्षण केले. परंतु हे रक्षण धुळीच्या मोलाने मिळालेले आहे, हेही विसरता येत नाही.

सिमल्याचे हवामान खात्याचे दफ्तर 1928 साली पुण्यास आले आणि 1962 साली उपरोक्त संस्था स्थापन झाली, तेव्हापासून ढगांची चिकित्सा हा या शहराचा जणू वतनी व्यवसाय झाला आहे. नवजात कण तासाला काही नॅनोमीटर या गतीने वाढत वाढत पन्नास ते शंभर नॅनोमीटरचा झाला, म्हणजे त्याच्यावर बाष्प साचून ढगाचा थेंब बनू शकतो. अशी केंद्रके फार झाली की तेवढेच पाणी अधिक थेंबांत वाटले जाते, थेंब बारीक राहतात, ढग अधिक शुभ्र होतो आणि त्यातून पाऊस पडण्यास विलंब लागतो. 2009 पासून या संस्थेने विमानातून ढगांचे जे निरीक्षण चालविले, पुढे सोलापूरच्या अवर्षणप्रवण प्रदेशात कृत्रिम पावसाचे जे प्रयोग केले आणि 2012 पासून महाबळेश्वरच्या डोंगरमाथ्यावर ढगांच्या ऐन पोटात जी प्रयोगशाळा चालविली, त्या सर्वांच्या मुळाशी कण आणि थेंब यांचे हेच नाते आहे. 

गंधकाचे कण सूर्यप्रकाश परतवितात. 15 जून 1991 रोजी फिलिपीन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड उंच आकाशात फेकला आणि पुढल्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. गंधक कमी केला तर उष्मा वाढेल, असा युक्तिवाद यावरून काही जण करतात. त्यातील भौतिकशास्त्र खरे आहे. परंतु श्वासावाटे फुप्फुसात जाणाऱ्या कणांची सावली घेऊन उष्म्यापासून बचाव करावा, ही गोष्ट मला कदापि ग्राह्य वाटत नाही.

इंधनाच्या बाबतीत आपण खरोखर मोठी मजल मारली आहे. तीन दशकांपूर्वी आपल्या डिझेलमध्ये शेकडा एकपर्यंत गंधक असे. एप्रिल 2010 मध्ये पुण्यासह तेरा शहरांत ते प्रमाण दशलक्ष भागांत 50 वर आणि 1 एप्रिल 2020 पासून देशभर 10 वर आले. कोळशाची कथा मात्र निराळी. औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराड्यातून निघणारा गंधक रोखण्याचा हुकूम डिसेंबर 2015 मध्ये निघाला, त्याची मुदत वारंवार वाढत गेली आणि जुलै 2025 च्या अधिसूचनेने, मोठ्या शहरांपासून ती दूर आहेत या कारणास्तव, बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट मिळाली. वर सांगितलेल्या रसायनशास्त्राकडे पाहता हा अंतराचा निकष टिकणारा नाही. कारण वायूचा कण होण्यास काही तासांपासून काही दिवस लागतात आणि तेवढ्या अवधीत वारा त्याला शेकडो किलोमीटर वाहून नेतो.

हीच त्रुटी मोजमापातही आहे. सल्फर डायऑक्साइडसाठी 2009 च्या राष्ट्रीय मानकांत चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 80 मायक्रोग्रॅम ठरलेली असून पुण्यातील नोंदी सहसा तिच्या बऱ्याच खाली असतात. म्हणून कागदोपत्री हा वायू निरुपद्रवी ठरतो आणि त्यापासून पुढे झालेल्या कणांचा जाब त्याला कोणी विचारीत नाही. कणांची मोजणीही वजनाने होते. अडीच मायक्रोमीटर व्यासाच्या एका कणाच्या आकारमानात दहा नॅनोमीटरचे दीड कोटींहून अधिक कण मावतात, तेव्हा वजनाच्या काट्यावर या नवजातांची दखल लागणार तरी कशी? युरोपीय संघाने 2024 च्या निर्देशानुसार निवडक केंद्रांवर अतिसूक्ष्म कणांची संख्या मोजणे बंधनकारक केले आहे. ज्या शहरात ही विद्या जाणणारी माणसे आणि यंत्रे दोन्ही आहेत, त्या पुण्याच्या महानगरपालिकेने व राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने निदान एका केंद्रावर तरी कणांच्या वजनाशेजारी त्यांची संख्याही रोजच्या रोज नागरिकांसमोर मांडावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.