आठ हाडं आणि सात चिंचोके

दुकानांच्या पाट्या धडाधड वाचणारी चार वर्षांची मुलगी हातात पेन्सिल दिली की रडकुंडीला येते. ‘एवढी हुशार, मग लिहायलाच कसला आळस?’ घरचे विचारतात. आळस नाही हो, मनगट अजून पुरतं घडलेलंच नाही! मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात, एक्स-रेत दिसतसुद्धा नाहीत. एकेक करत ती कठीण होत जातात. शेवटचं तर नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास. बोटांच्या बारीक स्नायूंवर ताबाही असाच सावकाश येतो. म्हणजे वाचणारं डोकं सात वर्षांचं, हात चारचे आणि मोजा उलटा घातला गेला म्हणून फुटणारं रडू जेमतेम तीनचं. तल्लख मुलांत अशी दोन-तीन वयं एकत्र नांदतात.

मग तल्लख मूल ओळखायचं कसं? शंभरपर्यंत अंक म्हणून दाखवणं ही काही हुशारीची खूण नव्हे. दहापर्यंत घडाघडा मोजणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला म्हणा, ‘मला तीन चिंचोके दे.’ बरीच मुलं मूठ भरून देतात! मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच ‘एकूण किती’, हे साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास उमगतं. काहींना बरंच आधी. बुद्ध्यांक म्हणाल, तर या वयात तो फार हलतो. तल्लख मुलांसाठी असलेली पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची प्रशालाही पाचवीपासूनच सुरू होते.

त्यापेक्षा मूल कशात रमतं ते पाहावं. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसोरींनी बालगृह सुरू केलं. तिथे तीनेक वर्षांची एक मुलगी दट्ट्याच्या पेटीतले लाकडी दट्टे काढून पुन्हा आपापल्या भोकात बसवत होती. माँटेसोरींनी इतर मुलांना भोवती गायला लावलं. मग मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिने दट्टे मांडीत सावरले आणि काम चालूच! चाळीसहून जास्त वेळा तेच करून ती आपणहून थांबली. चुकलं की शेवटचा दट्टा बसत नाही, त्यामुळे बाईंनी ‘चूक’ म्हणायची गरजच नाही.

तल्लख मुलापुढे आपण पहिलीचं पुस्तक ठेवतो. मला ते घाईचं वाटतं. चिंचोके तेच ठेवावेत, खेळ खोल करावा. सहा चिंचोक्यांच्या सारख्या ओळी लावायला सांगा: दोन-दोनच्या तीन होतात. नऊच्या तीन-तीनच्या तीन. सात मात्र अडतात. एकच लांबलचक ओळ, नाहीतर सुटे सुटे. अकराही अडतात, तेराही. ‘असे हट्टी अजून कोण आहेत?’ मूल विचारतं. तेव्हा ‘मूळ संख्या’ हे नाव सांगण्याचा मोह आवरावा आणि आणखी मूठभर चिंचोके पुढे सरकवावेत. असे आकडे कधी संपतच नाहीत, हे युक्लिडने सुमारे २,३०० वर्षांपूर्वीच सिद्ध करून ठेवलंय. तेव्हा खेळ पुरेल.