तरुण पिचर: आधी उतरावा की मागाहून?

बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू), म्हणजे ‘स्टार्टर’, साधारण पाच-सहा इनिंग टाकतो आणि मग चार-पाच दिवस विश्रांती घेतो. ‘रिलीव्हर’ मागाहून येतो, बहुधा एकच इनिंग टाकतो. पण त्याला लागोपाठ दोन दिवसही उतरावं लागतं.

स्टार्टरसमोर तेच फलंदाज दोन-तीनदा येतात. तिसऱ्या खेपेला त्यांची नजर बसलेली असते, म्हणून त्याच्या भात्यात निदान तीन तऱ्हांचे चेंडू हवेत. रिलीव्हरचं दोनांवर भागतं. दम राखून ठेवायचा नसल्याने त्याचा वेगही वाढतो.

मारियानो रिव्हेराने १९९५मध्ये न्यूयॉर्क यांकीजसाठी १० सामने सुरू केले. जम बसला नाही. रिलीव्हर झाल्यावर मात्र, फलंदाजापाशी पोहोचताना अगदी शेवटी सरकणाऱ्या ‘कटर’च्या बळावर त्याने ६५२ सेव्ह (संघाची निसटती आघाडी शेवटपर्यंत राखण्याची कामगिरी) मिळवले. ख्रिस सेल उलट वाटेने गेला: २०१०-११मध्ये रिलीव्हर, तर २०१२मध्ये स्टार्टर म्हणून १७ विजय.

माझ्या मते तरुणाला आधी स्टार्टर म्हणून पुरेशी संधी द्यावी. मात्र त्याचा खांदा आणि कोपर जपत, इनिंग हळूहळू वाढवत. तिसऱ्या तऱ्हेचा चेंडू सामन्यात टाकूनच घोटला जातो. रिलीव्हरची वाट नंतरही मोकळीच असते.